‘सॉकेट तोच आहे, सगळं चालतं’ म्हणाले तरी आधी यादी बघा

पत्र : माझं कराडला डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. पीसी २०१९ मध्ये असेंबल करून घेतलेला. प्रोसेसर रायझन ३ २२००जी, रॅम ८ जीबीची एकच स्टिक, आणि मदरबोर्डचं म्हणाल तर बिलावर नुसतं ‘बी४५०’ लिहिलंय. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, मॉनिटर बोर्डालाच जोडलाय. कोरल आणि फोटोशॉप एकदम उघडलं की मशीन बसतंच. त्यात विंडोज १० चे अपडेट बंद झाले म्हणून ११ टाकायला गेले, तर हा प्रोसेसर चालणार नाही असं आलं. भाच्याच्या ओळखीने मुंबईचा एक विक्रेता सेकंडहँड कॉम्बो देतोय : रायझन ५ ५६०० आणि १६ जीबीच्या दोन रॅम. भाव बराच कमी आहे. तो म्हणतो, ‘सॉकेट तोच आहे, सगळं चालतं.’ रॅमच्या फोटोत लेबलवर ‘१६जीबी २आरएक्स४ पीसी४-२४००टी-आरए१’ असं दिसतंय. बायोसची तारीख डिसेंबर २०१८ ची आहे. घेऊ का? की मदरबोर्डच बदलावा लागेल?
– एक वाचक, कराड

ताई,

हा कॉम्बो घेऊ नका. तुमच्या दुकानातल्या पीसीवर तो चालणार नाही आणि त्याला एक नाही, तीन कारणं आहेत. मदरबोर्ड मात्र बहुधा बदलावा लागणार नाही, त्यामुळे खर्च तुम्ही धरलाय त्यापेक्षा कमीच होईल. लेबलवरची अक्षरं आणि बायोसची तारीख तुम्ही जशीच्या तशी उतरवून पाठवलीत हे फार बरं केलंत. त्यामुळेच मला ठामपणे नाही म्हणता येतंय.

आधी रॅम, कारण घोळ तिथेच सगळ्यात मोठा आहे. त्या लेबलातलं ‘पीसी४’ म्हणजे डीडीआर४, ते बरोबर आहे. ‘२४००’ हा वेग. ‘२आरएक्स४’ वरून आतल्या चिपांची मांडणी कळते. खरं बघायचं ते ‘२४००टी’ नंतरच्या आडव्या रेघेपुढचं पहिलं अक्षर. तिथे ‘यू’ असेल तर ती डेस्कटॉपची साधी रॅम. ‘एस’ असेल तर लॅपटॉपची, ती आखूड असते, त्यामुळे हातात घेतल्यावर कुणीही ओळखेल. तुमच्या फोटोत ‘आर’ आहे. आर म्हणजे रजिस्टर्ड, सर्व्हरची रॅम. तिच्या मधोमध एक वेगळी चौकोनी चिप बसवलेली असते. प्रोसेसरकडून येणारे आदेश आधी ती चिप घेते आणि मग मेमरीच्या चिपांना देते. सर्व्हरमध्ये एका प्रोसेसरला ढीगभर रॅम जोडायची असते, त्यासाठी ही सोय. साध्या रायझनला ही पद्धत कळत नाही. फसायला होतं ते अशामुळे की लांबी तीच, २८८ पिना त्याच आणि मधली खाच त्याच जागी. स्टिक स्लॉटमध्ये खटकन बसते, दोन्ही बाजूंची कुलपं लागतात, पंखा फिरतो आणि स्क्रीन काळीच राहते.

विक्रेता खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. झिऑन या इंटेलच्या सर्व्हर प्रोसेसरच्या बोर्डावर हीच रॅम उत्तम चालते आणि त्याने तिथेच तपासली असेल. पण २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत. अशा दिवसांत कुणी १६ जीबीच्या दोन स्टिक निम्म्या भावात देऊ लागला तर आधी ते एक अक्षर बघायचं.

दुसरं कारण प्रोसेसर. रायझन ५ ५६०० चांगलाच आहे, पण त्याच्यात ग्राफिक्स नाही. तुमच्या २२००जी मधला ‘जी’ ग्राफिक्सचा आहे. प्रोसेसरच्याच पोटात ‘वेगा’ नावाचा ग्राफिक्स भाग आहे आणि तुमचा मॉनिटर आज त्याच्यावर चालतो. बोर्डाच्या मागचा एचडीएमआयचा पोर्ट नुसती वाट आहे, चित्र तयार होतं प्रोसेसरमध्ये. तिथे ५६०० बसवलात तर तो पोर्ट मुका होईल आणि वेगळं कार्ड घेतल्याशिवाय काहीच दिसणार नाही. ५६००एक्स, ५७००एक्स, ५५०० यांचंही तसंच. ५५०० बद्दल मुद्दाम सांगते, कारण तो स्वस्त म्हणून खूप खपतो. तुम्हाला हवा तो ५६००जी. सहा कोर, बारा थ्रेड, ऑगस्ट २०२१ पासून दुकानात मिळायला लागलेला. ५६००जीटी किंवा ५५००जीटी मिळाला तरी चालेल, दोघांतही ग्राफिक्स आहे. इंटेल घेणाऱ्यांनी उलटं लक्षात ठेवायचं : तिथे शेवटी ‘एफ’ असेल तर ग्राफिक्स नाही. आय५ १२४००एफ थोडा स्वस्त पडला म्हणून आणायचा आणि मग कार्डासाठी धावाधाव करायची, अशी पत्रं मला वरचेवर येतात.

तिसरं कारण बायोस, आणि ‘सॉकेट तोच आहे’ हे वाक्य इथेच तोकडं पडतं. सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, तोच आहे हे खरंच आहे, एएम४. तुमचा २२००जी आणि ५६००जी दोन्ही त्याच १३३१ भोकांत बसतात. पण पीसी चालू झाल्याबरोबर बोर्डावरच्या छोट्या चिपमधला जो प्रोग्रॅम सगळ्यात आधी चालतो, म्हणजे बायोस, त्याला समोरचा प्रोसेसर ओळखता आला पाहिजे. प्रोसेसरला किती व्होल्टेज द्यायचं, मेमरी कशी जागी करायची, हे बायोसमध्ये लिहिलेलं असावं लागतं. तुमचा बायोस डिसेंबर २०१८ चा. रायझन ५००० ची पहिली खेप आली नोव्हेंबर २०२० मध्ये. जो प्रोसेसर तेव्हा बाजारातच नव्हता, तो त्या बायोसला ओळखता येणं शक्य नाही.

याला थोडा इतिहास आहे आणि तो माहीत असलेला बरा. मे २०२० मध्ये रायझन बनवणाऱ्या एएमडीने जाहीर केलं होतं की येणारे नवे प्रोसेसर फक्त ५०० मालिकेच्या बोर्डांवर, म्हणजे एक्स५७० आणि बी५५० वर चालतील. बी४५० घेतलेले लोक चिडले. ‘पुढेही चालेल’ या भरवशावरच तर त्यांनी तो बोर्ड घेतला होता. त्याच महिन्यात कंपनीने निर्णय फिरवला. मग बोर्ड बनवणाऱ्यांनी नवे बायोस काढले. २०२२ मध्ये तर २०१७ च्या ए३२० आणि बी३५० बोर्डांनाही परवानगी मिळाली. पण पुष्कळ जुन्या बोर्डांवर बायोसची चिप १६ एमबीचीच आहे. एवढ्या साऱ्या पिढ्यांचे प्रोसेसर त्यात मावेनात, म्हणून काही कंपन्यांनी जुन्यांची नावं काढून नव्यांना जागा केली, तर काहींनी बायोसचा देखणा स्क्रीन काढून साधा ठेवला. म्हणूनच ‘बी४५० वर ५६००जी चालतो’ एवढं मोघम ऐकून पैसे द्यायचे नाहीत. तुमच्या बी४५० वर, कुठल्या बायोसपासून, हे बघायचं.

ते बघण्यासाठी बोर्डाचं पूर्ण नाव हवं. बिलावरचं ‘बी४५०’ हे चिपसेटचं, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपचं नाव आहे, त्या नावाचे डझनावारी बोर्ड आहेत. स्टार्टमध्ये ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ टाइप करा, बायोसची तारीख तुम्ही बहुतेक तिथूनच घेतली असेल. त्याच पानावर ‘बेसबोर्ड मॅन्युफॅक्चरर’, ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’ आणि ‘बेसबोर्ड व्हर्जन’ अशा ओळी आहेत. तिन्ही जशाच्या तशा उतरवून घ्या. शेवटची शेपटी गाळू नका. ‘एम’, ‘व्ही२’, ‘मॅक्स’ अशा एखाद्या अक्षराने बोर्ड बदलतो. व्हर्जनच्या ओळीत काही कळण्यासारखं नसेल तर कॅबिनेटचं झाकण काढा. स्लॉटांच्या मधल्या जागेत नाव मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं आणि काही कंपन्या कोपऱ्यात ‘रेव्ह १.०’ सारखा आकडाही छापतात. तोही लागतो, कारण एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांचे बायोस वेगळे असू शकतात. भलत्या आवृत्तीचा बायोस टाकायला जाऊ नका.

आता त्या कंपनीच्या साइटवर जा, बोर्डाच्या पानावर ‘सपोर्ट’मध्ये. तिथे दोन याद्या मिळतील आणि दोन्हींकडे बघायची नजर वेगवेगळी ठेवायची.

प्रोसेसरची यादी म्हणजे शेवटचा शब्द. त्यात रायझन ५ ५६००जी हे नाव शोधा आणि त्याच ओळीत बायोसची कुठली आवृत्ती लिहिलीय ते बघा. ‘या आवृत्तीपासून पुढे’ असा त्याचा अर्थ. नाव नसेल तर विषय संपला, मग कोणी कितीही छातीठोकपणे सांगो. आणि नवा बोर्ड म्हणजे सगळे जुने प्रोसेसर चालणारच असंही धरू नका : उद्या तुम्ही बी५५० बोर्ड आणून त्यावर सध्याचा २२००जी लावायला गेलात तर तो त्या बोर्डाच्या यादीत सापडणार नाही. इंटेलमध्ये तर हे फार जुनं दुखणं आहे. सहाव्या-सातव्या पिढीचा आणि आठव्या-नवव्या पिढीचा सॉकेट नावाने एकच, ११५१. तरी आठव्या पिढीचा आय५ एच११० बोर्डावर चालत नाही, त्याला ३०० मालिकेचा बोर्ड लागतो. १२०० सॉकेटचे एच४१० आणि बी४६० बोर्ड दहाव्या पिढीसाठी ठीक, पण अकराव्या पिढीचा प्रोसेसर त्यातल्या बहुतेकांवर चालत नाही. १७०० सॉकेटच्या बोर्डांत पुन्हा डीडीआर४ वाले आणि डीडीआर५ वाले असे दोन तट आहेत आणि नुसत्या चिपसेटच्या नावावरून ते कळत नाही. डीडीआर५ च्याही पिना २८८ च आहेत, पण खाच सरकवलेली आहे, त्यामुळे ती डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये बसत नाही. जोर लावून बसवायला गेलात तर स्लॉट मोडेल, एवढंच.

मेमरीची यादी मात्र तशी पक्की धरायची नाही. त्यात असतात कंपनीने स्वतः तपासून बघितलेल्या स्टिक. बाजारातल्या साऱ्या रॅम कोणी तपासत बसत नाही. यादीत असलेली मिळाली तर उत्तम, डोळे मिटून घ्या. नसलेली चालणारच नाही असं नाही. प्रकार बरोबर असेल, म्हणजे डीडीआर४, डेस्कटॉपची, रजिस्टर्ड नसलेली, तर ती बहुतेक वेळा चालते. यादी बघताना एक करा : प्रोसेसरच्या मालिकेप्रमाणे याद्या वेगळ्या दिलेल्या असतील तर ५६००जी च्या मालिकेची उघडा. मेमरी सांभाळणारा भाग हल्ली बोर्डावर नसतो, प्रोसेसरमध्येच असतो. त्यामुळे रॅमचा प्रश्न नुसत्या बोर्डाला विचारून सुटत नाही. प्रोसेसर बदलला की रॅमचा वेगही बदलतो. तुमच्या २२००जी ला अधिकृतपणे २९३३ पर्यंतचा वेग झेपतो, ५६००जी ला ३२००.

किती रॅम घ्यायची? माझं मत, ८ जीबीच्या दोन सारख्या स्टिक, ३२०० च्या. तुमच्या तक्रारीचं मूळ निम्मं तरी त्या एकट्या स्टिकमध्ये आहे. वेगळं कार्ड नसल्यामुळे ग्राफिक्सला लागणारी मेमरी याच ८ जीबीतून कापली जाते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक करून बघा, ‘हार्डवेअर रिझर्व्हड’ म्हणून जो आकडा दिसतो तो हाच. उरलेल्या सहा-सात जीबीत विंडोज, कोरल, फोटोशॉप आणि दहा बाय आठच्या फ्लेक्सची फाइल कोंबायची म्हटल्यावर मशीन बसणारच. शिवाय एका स्टिकने मेमरीचा एकच रस्ता चालू राहतो. दोन स्टिक दोन वेगळ्या चॅनेलवर बसवल्या की ये-जा दुप्पट होते आणि तिचा सगळ्यात जास्त फायदा आतल्या ग्राफिक्सला मिळतो. १६ जीबीची एक घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्या म्हणते ते यासाठी. बोर्डावर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात लावा. हातातली जुनी स्टिक नव्यांत मिसळू नका. चालेल, पण साऱ्या रॅम तिच्या वेगाने चालतील आणि कधी कधी मशीन मधेच अडखळतं.

विक्रेत्याला, किंवा दुसऱ्या कोणालाही, हा मेसेज असाच्या असा पाठवा :

‘रायझन ५ ५६००जी पाहिजे, शेवटी जी असलेलाच. पिनांचा वरून एक आणि आडवा एक फोटो पाठवा. रॅम डीडीआर४, ८ जीबीच्या दोन, एकाच मॉडेलच्या, डेस्कटॉपच्या यूडीआयएमएम. लेबलचा स्पष्ट फोटो पाठवा, पीसी४-३२००एए नंतर यू हवं. बिलावर दोन्हींचे पूर्ण मॉडेल नंबर लिहा आणि डिस्प्ले आला नाही तर किती दिवसांत परत घेणार तेही लिहा.’

वरून धातूची पट्टी बसवलेल्या ब्रँडेड रॅमवर ती ‘पीसी४’ वाली ओळ नसतेही. मग स्टिकवरचा मॉडेल नंबर घ्या आणि त्या कंपनीच्या साइटवर टाकून बघा. पिनांच्या फोटोवर मात्र अडून राहा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, आणि सेकंडहँड मालात त्या वाकलेल्या निघतात.

माल हातात आला म्हणून लगेच कॅबिनेट उघडायचं नाही. बायोस आधी, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. २२००जी काढून बसलात आणि मग आठवलं तर तोच परत बसवावा लागेल. फाइल त्याच बोर्डाच्या पानावरून घ्या, इतर कुठूनही नाही. त्या पानावरची टीप पूर्ण वाचा, कारण काही बोर्डांना थेट शेवटच्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही, आधी मधली एक टाकावी लागते आणि ते तिथेच लिहिलेलं असतं. नव्या आवृत्तीतही तुमचा २२००जी यादीत राहिलाय ना, हेही बघा, म्हणजे वेळ आली तर परतीची वाट राहील. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइल त्यात ठेवा, बायोसमध्ये शिरून तिथल्याच अपडेटच्या पर्यायाने टाका. आणि हे काम यूपीएसवर करा. अपडेट अर्ध्यात असताना वीज गेली तर पुष्कळ बोर्ड पुन्हा उठत नाहीत. दुकानाचा यूपीएस धड दोन मिनिटं टिकत नसेल तर आधी बॅटरी बदला.

विंडोजने तुमची ड्राइव्ह बिटलॉकर या तिच्या सुरक्षेच्या सोयीने कुलूपबंद केलेली असेल तर बायोसला हात लावण्याआधी ते थांबवा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. प्रोसेसर बदलल्यावर त्याच्यातलं टीपीएम, म्हणजे कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारा भाग, नवं होतं आणि विंडोज ती की मागतं. ग्राहकांच्या पत्रिका आणि फोटो याच ड्राइव्हवर असतील, त्यामुळे एक बॅकअप बाहेरच्या हार्डडिस्कवर घेऊन ठेवा.

प्रोसेसर काढताना घाई नको. एएम४ मध्ये कूलरखालची पेस्ट वाळून घट्ट होते आणि कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. आधी पीसी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम होऊ द्या, बंद करून वायर काढा, मग स्क्रू सोडवून कूलर हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवत सुटा करा. जुना कूलर पुन्हा वापरता येईल, दोन्ही प्रोसेसर ६५ वॅटचेच आहेत. जुनी पेस्ट पुसून नवी लावायची मात्र विसरू नका. नवा प्रोसेसर बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि दाबू नका, तो स्वतःच्या वजनाने आत पडला पाहिजे.

विंडोज ११ साठी ५६००जी मंजूर प्रोसेसरांत आहे, पण बायोसमध्ये एफटीपीएम, म्हणजे प्रोसेसरमधलं ते टीपीएम, चालू करावं लागेल. २०१९ मध्ये असेंबल करणाऱ्याने विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलं असेल तर डिस्कही जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीच्या विभागणीची, करून घ्यावी लागेल. सिस्टीम इन्फर्मेशनच्या त्याच पानावर ‘बायोस मोड’ची ओळ आहे. तिथे ‘लेगसी’ दिसलं तर मला पुन्हा लिहा, ते सविस्तर सांगेन.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काळी दिसली तर घाबरून बटण दाबत बसू नका. नव्या मेमरीची ओळख करून घ्यायला बोर्डाला कधी कधी एक-दोन मिनिटं लागतात, मधेच स्वतः बंद होऊन पुन्हाही सुरू होतो. टीपीएम बदलल्याबद्दल काही विचारत असेल तर आधी ते नीट वाचा, की हाताशी असल्याची खात्री करा आणि मगच होकार द्या. पाच मिनिटांनीही काही आलं नाही तर वीज काढून एकच स्टिक ठेवा आणि बोर्डावरची गोल बॅटरी थोडा वेळ काढून परत लावा, म्हणजे बायोसची जुनी सेटिंग पुसली जातील. तरीही नाही तर २२००जी परत बसवा. त्यावर डिस्प्ले आला की बोर्ड शाबूत आहे हे कळलं, आणि प्रोसेसर बिलावरच्या मुदतीत परत पाठवता येईल.